दुर्जयगडची राणी मरायला तयार नाही

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये, एका राणीला जिवंत ठेवल्याच्या आरोपावरून, माझी वाचनालयातली नोकरी गेली.

असं काहीही झालेलं नाही. मी अजूनही रोज सकाळी साडेआठला येतो, पेपर लावतो, आणि चिटणीस मनोहरराव माझ्याकडे बघत नाहीत. ते आधीही बघत नसत, त्यामुळे फरक सांगणं कठीण आहे. तेव्हा नोकरी शाबूत आहे असं धरूनच पुढचं सांगतो.

आमचं वाचनालय धंतोलीत, दवाखान्यांच्या मधोमध. धंतोलीत बाहेरगावची माणसं दोनच प्रकारे येतात, आजारी म्हणून नाहीतर आजाऱ्यासोबत. आजाऱ्याला काम असतं, तो आजारी असतो. सोबतच्याला काहीच नसतं. तो दोन दिवस भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो आणि तिसऱ्या दिवशी आमच्याकडे येतो. त्याला मी एकदा संतचरित्र दिलं तर तो रडायलाच लागला, म्हणाला, खरं सांगा, डॉक्टर काही बोलले काय? तेव्हापासून मी भुताच्या कादंबऱ्या देतो. भूत कोकणात असतं, नाहीतर एखाद्या गडावर. धंतोलीत नसतं. माणसाला धीर येतो.

भानगड पुढे होते. पेशंटला सुटी मिळते दुपारी, एसटी असते तीनची, आणि पुस्तकाची वीसेक पानं उरलेली असतात. सज्जन माणूस पुस्तक चोरत नाही. तो फक्त शेवटची वीस पानं फाडून खिशात घालतो, उरलेलं पुस्तक प्रामाणिकपणे परत करतो आणि गाडीत बसतो. आमच्या कपाटातल्या एकाही रहस्यकथेला शेवट नाही. सगळे खुनी आर्वी, पुसद, दिग्रसकडे मोकळे हिंडत आहेत.

'दुर्जयगडचा बंद मजला' या कादंबरीचं तेच झालं होतं. ही आमची सर्वांत जुनी, सर्वांत फाटकी आणि सर्वांत जास्त मागणी असलेली भयकथा. लेखकाच्या नावाचं पानही कोणीतरी नेलं होतं. बहुधा पत्ता शोधून भांडायला. गोष्ट अशी की सरदार दुर्जयसिंह दुसरं लग्न करायला निघतो. गडाचा वरचा मजला बंद. अमावास्येला तिथे बांगड्या वाजतात. सरदार म्हणतो, भूत आहे. वाचकाला दीडशेव्या पानावर कळतं की भूतबित काही नाही, ती त्याची पहिली बायको आहे आणि त्यानंच तिला अकरा वर्षं कोंडलं आहे. दोनशे आठव्या पानावर तिला किल्ली सापडते. दोनशे नववं पान नाही.

गोपिकाताई आली ती दोनशे आठव्या पानावर बोट ठेवूनच आली.

सव्वीस-सत्तावीसची बाई, काटोलकडची, पायात चपला दोन वेगळ्या. समोरच्या शामला डॉक्टरांच्या दवाखान्यात आठ दिवसांसाठी ठेवलेली.

"भाऊ, याच्या म्होरचं कुठी हाय?"

"म्होरचं नाही, ताई. फाटलं."

"म्हंजे किल्ली भेटली आन् बाई तशीच उभी?"

"तशीच."

"कधीपासून?"

मी रजिस्टर बघितलं. "बासष्टपासून."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू बारा वर्षं मीच दार अडवून उभा होतो. "तुमाले झोप कशी येते गा?" ती म्हणाली. मग खुर्चीवर बसली आणि स्वतःहून सांगितलं. दोन पोरी झाल्या, तिसरं झालंच नाही. सासरच्यांना दुसरी सून आणायची आहे. पण कायदा मध्ये येतो, म्हणून सासूनं शक्कल काढली. ही एकटीच हसते, वावरात कागद वाचत बसते, म्हणजे डोकं ठिकाणावर नाही; तसा डॉक्टरचा कागद मिळाला की सोडचिठ्ठी मिळते. नवरा काही आला नाही. त्याच्या संत्र्यांची तोड चालू होती.

"आन् सोडलं त बरंच ना," मी म्हणालो.

"सोडून नाही राहिले. कागदावर सोडणार. घरात गोठ्यामागची खोली देतो म्हणे. पोरी माह्या, सैपाक माह्या, फकत म्होरच्या वट्यावर यायचं नाही." तिनं पुस्तक मिटलं. "हे पुस्तक काहून वाचून राहिली समजलं?"

मी म्हणालो, "उद्या या. शेवट शोधून ठेवतो."

शोधला म्हणजे लिहिला. टेबलावर बसून, पुस्तकं देत-घेत, दिवसभरात चौदा पानं. पहिल्यांदा मीही वीजबीज पाडून बघितली, पण कोणावर पाडावी ते ठरेना. शेवटी राणीवरच सोपवलं. अकरा वर्षांनी राणीनं दार उघडलं. सकाळचे अकरा वाजले होते. केस विंचरलेले. जिना उतरून ती दिवाणखान्यात आली तसे सरदार किंचाळले, भूत! राणी म्हणाली, 'भूत नाही. मी पहिली आहे आणि मी खाली आले आहे. चहा मांडा.' पुढची बारा पानं चहातच गेली, कारण सरदारांना चहा करता येत नव्हता आणि राणी उठायला तयार नव्हती.

पानं शिवली, चिकटवली, आणि सवयीनं प्रत्येक पानावर वाचनालयाचा गोल शिक्का मारला. आमच्याकडे पान दिसलं की शिक्का मारतात.

गोपिकाताईनं तिथेच उभ्यानं वाचलं. हसली. दोनदा वाचलं. पुस्तक परत केलं. पानं फाडली नाहीत, म्हणाली, "पाठ झालं."

तोच घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तिची सासू रुखमाबाई डबा उघडता उघडता म्हणाली, "वैशाखात नवी येईन. तू आपली मांगच्या खोलीत राह्य, कोनाले दिसू नको वं." गोपिकाताई उठली, पदर नीट केला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भूत नाही. मी पहिली आहे आणि मी खाली आले आहे. चहा मांडा."

दवाखान्याला वरचा मजला नव्हता. त्यामुळे वाक्य जास्तच भयानक वाटलं असावं. त्यात ती काटोलची बाई एकदम पुण्याच्या मराठीत बोलली होती. रुखमाबाईच्या हातून डबा पडला. "आंगात आलं! बाई, पाहा, भाषा बदलली हिची!"

शामला डॉक्टर शांत बाई. त्यांनी विचारलं, "गोपिका, हे काय म्हणालीस?"

"पुस्तकातलं हाय."

"कोणत्या?"

तिनं नाव सांगितलं. आणि नशीब असं की त्याच वेळी तपासणीच्या खोलीत, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून, आमचे मनोहरराव बसले होते. त्यांनी ती कादंबरी चौतीस साली, शाळेत असताना, नवीकोरी वाचलेली. ते पट्ट्यासकट बाहेर आले.

"असं वाक्य त्यात नाही. राणी मरते. वीज पडते, बंद मजला खाली येतो, राणी जागच्या जागी. बाकी गडाचं एक कौल हलत नाही. मग सरदार दोन ओळी रडतो आणि लग्न करतो. उत्तम शेवट आहे."

"हिनं तर वाचलं म्हणते."

"नसलेलं वाचलं असेल," मनोहरराव म्हणाले आणि पुन्हा जाऊन बसले. प्रेशर दीडशे निघालं.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: नसलेलं वाचल्याचं सांगते. रुखमाबाईला वाचता येत नव्हतं, पण पेन चालला एवढं तिनं बघितलं, आणि अकराच्या गाडीचं विचारून ठेवलं.

अर्ध्या तासात गोपिकाताई माझ्या टेबलासमोर. "भाऊ, मी वाचलं का नाही? तुम्ही सांगा. का खरंच मले लागलं?"

आता माझ्याकडे दोन रस्ते होते. एकात मी गप्प बसतो, माझी नोकरी राहते आणि एक बाई गोठ्यामागे जाते. दुसरा तुम्हाला माहीतच आहे. मी फार विचार केला असं नाही. कपाटातून पुस्तक काढलं आणि टेबलावर पाटी ठेवली, 'जेवायला गेलो आहे.' सकाळचे दहा वाजले होते.

डॉक्टरांच्या खोलीत मनोहरराव, रुखमाबाई, डॉक्टर सगळेच होते. मी दोनशे नववं पान उघडून समोर ठेवलं. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं.

"वाक्य तर आहे हो, मनोहरराव. अक्षरशः."

"हे हातानं लिहिलेलं आहे!"

"शिक्का तुमचाच आहे ना?"

मनोहररावांनी शिक्का बघितला, मग मला. बहुधा पहिल्यांदाच. "चंद्रभान, हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कोणाला विचारून?"

"राणीला."

"माजलास काय रे? थोर लेखकाच्या कादंबरीत तू घुसतोस?"

"लेखकाचं नाव काय, साहेब?"

चौतीस सालापासून त्यांनाही आठवत नव्हतं. "नाव महत्त्वाचं नाही! राणी मरते. मरायलाच पाहिजे. नाहीतर दुसरं लग्न होईल कसं?"

शामला डॉक्टरांनी चष्मा काढला आणि रुखमाबाईकडे बघितलं. रुखमाबाई छताकडे बघत होती.

"म्हंजे पोट्टं येडं हाय," रुखमाबाई अखेर म्हणाली. "ह्याले ठेवा. आठ दिवस. कागद त्याचाच करा, पर करा."

डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी सांगितला. शंभरातून सात-सात वजा करत जायला लावले. ते जमलं नाही, पण त्या म्हणाल्या की ते कोणालाच जमत नाही. मग केसपेपरवरची आधीची ओळ खोडली आणि वेगळा कोरा कागद घेतला.

"रुखमाबाई, तुम्हाला कागद हवा होता ना? लिहून घ्या. गोपिकाचं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. वाचते, समजते, लक्षात ठेवते आणि योग्य वेळी बोलते."

"असा कागद आमाले नाही पाहिजे."

"मले पाहिजे," गोपिकाताई म्हणाली आणि हात पुढे केला.

सही, तारीख, दवाखान्याचा शिक्का. मी सांगतो, धंतोलीत कागद हजारो निघतात, सगळे कोणाला काय झालं आहे याचे. काही झालेलं नाही याचा कागद मी तो एकच बघितला. काटोलपासून अलीकडे-पलीकडे वीस गावांत, डोकं शाबूत असल्याचा लेखी पुरावा असलेलं माणूस ती एकटीच. पाटलाकडे नाही. सरपंचाकडे नाही. तिच्या नवऱ्याकडे तर मुळीच नाही, आणि ते तिनं लगेच बोलूनही दाखवलं.

"आत्याबाई, आता कोर्टात गेलो त माह्या जवळ कागद हाय. तुमच्या पोराजवळ काय हाय?"

"संत्री हाय," रुखमाबाई म्हणाली, पण तितक्या जोरात नाही.

"वैशाखात कोनी येनार नाही. गोठ्यामांगं म्हशी राहतीन. चला, गाडी जाईन."

दोघी गेल्या. पुढे गोपिकाताई, मागे डबा घेऊन सासू. मनोहरराव दंड चोळत उभे होते. पट्टा अजून बांधलेलाच होता.

वाचनालयात आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. माणूस वाईट नाही. त्यांना खरोखर दुखलं होतं. चाळीस वर्षं ज्या विजेवर विश्वास ठेवला ती एका सहायकानं काढून घेतली होती.

"चंद्रभान, मी कमिटीकडे जात नाही. तू एवढंच कर. खाली दोन ओळी वाढव. चहा पिता पिता राणी मेली. हृदयविकार म्हण, काहीही म्हण. मूळ शेवटाला धक्का नको. नोकरी राहील."

"चहा पिताना?"

"तुला कुठे सोयीचं वाटेल तिथे."

मी पुस्तक उघडलं. पेन घेतलं. खरं सांगतो, दोन ओळीच होत्या. घरी आई आहे, भीमाबाई. ती चार घरची धुणी करते आणि मी 'लायब्रीत साहेब' आहे असं आमच्या सगळ्या इंदोरा वस्तीत सांगते. मी 'राणी' एवढं लिहिलं. मग मनात आलं की एखाद्या सोमवारी कोणी दुसरी बाई हे पान उघडेल, आणि तिला कळेल की दार उघडतं, जिना उतरता येतो, पण शेवटी चहातच मरायचं असतं.

'राणी'च्या पुढे मी लिहिलं, 'दुसरा कप मागते.' आणि खाली शिक्का मारला.

मनोहररावांनी त्याच दुपारी कमिटी बोलावली. कमिटीनं खुलासा मागवला. खुलासा देणं म्हणजे चूक कबूल करणं, म्हणून मी अर्ज दिला; त्यावर निर्णय अजून व्हायचा आहे. त्याची नक्कल खाली जोडत आहे.

प्रति, मा. अध्यक्ष व सर्व सभासद, कार्यकारी समिती.

विषय: कादंबऱ्यांतील पहिल्या बायकांना मारण्यापूर्वी नोटीस मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, आपल्या संग्रहातील भयकथांची मी तपासणी केली असता एकूण एकतीस पहिल्या बायका मृत आढळल्या. पैकी एकीलाही मरणापूर्वी विचारण्यात आल्याची नोंद नाही. दुर्जयगड येथील बाईंचं प्रकरण निकाली निघालं असून त्या हयात आहेत. वरील एकतीस जणींची प्रकरणं फेरविचारासाठी खुली करण्यात यावीत. तसेच यापुढे दाखल होणाऱ्या कोणत्याही कादंबरीत पहिल्या बायकोवर वीज, आग, विहीर अथवा कडा यांपैकी काहीही सोडण्यापूर्वी तिला आठ दिवसांची लेखी नोटीस द्यावी, तिचं म्हणणं सरदारांच्या समक्ष ऐकून घ्यावं, आणि लेखक हयात नसल्यास त्यांच्या वारसांकडून शेवट दुरुस्त करून घ्यावा. या अर्जावर निर्णय होईपर्यंत सर्व विजा स्थगित ठेवण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.