तीनशे चौदा तास

मिरेयाचं डोकं फिरलं ते राजधानी कीतोच्या त्या चकचकीत ऑफिसात. विमान कंपनीत घ्यायला दीड हजार तासांच्या उड्डाणाची अट होती. तिच्या उड्डाणांच्या वहीत पंधराशे वीस होते, मालकाच्या दाखल्यावर बाराशे सहा. समोरच्या बाईने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि थंडपणे म्हणाली, "आम्ही दाखलाच धरतो."

चार वर्षं ती शेल गावातून सहा जणांचं सेस्ना विमान उडवत होती. मीठ, पत्रे, मास्तर, अडलेल्या बाळंतिणी, सगळ्यांची तिने जंगलातल्या चिखलाच्या धावपट्ट्यांवरून ने-आण केली होती. परतीच्या बसमध्ये ती दातओठ खात बसली. उतरली ती थेट मालकाच्या, एलिएसेर साहेबाच्या ऑफिसात शिरली आणि कपाटातलं रजिस्टर ओढून काढलं. गेल्या वर्षभरात तिने केलेल्या कितीतरी फेऱ्यांपुढे वैमानिक म्हणून फाब्रिसियोचं नाव होतं. फाब्रिसियो म्हणजे साहेबाचा भाचा, शिकायला म्हणून तिच्या शेजारी बसवलेला.

"ठेव ते खाली," एलिएसेर म्हणाला.

"हा तर वाटेत घोरायचा, साहेब."

"अगं पोरी, त्यालाही तास हवेत. तू हुशार आहेस, तुझे होतील परत."

"माझे झालेत. तुम्ही चोरलेत."

"जीभ आवर. बाईच्या हातात विमान द्यायला तेव्हा कोण तयार होतं? मी दिलं ना?"

"दिलंत, आणि माझ्या जागी भाच्याचं नाव लिहिलंत. राहू द्या तुमचं विमान तुम्हालाच."

सेस्नाची किल्ली तिने त्याच्या कॉफीच्या कपात टाकली आणि बाहेर पडली.

दोन दिवसांनी ती दुसऱ्या कंपनीच्या विमानातून जंगलातल्या युसाप वस्तीवर उतरली. तिथला आचुआर जमातीचा रेडिओवाला नांतिप रोज सकाळी हवामान कळवायचा आणि उतरलेलं प्रत्येक विमान शाळेच्या वहीत टिपून ठेवायचा. त्याने आधी तिच्या हातात युक्काचे कंद आंबवून केलेल्या चिचा पेयाचं वाडगं दिलं, मग वही उघडली.

"हे बघ. मार्च, मिरेया, चार पोती मीठ. एप्रिल, मिरेया, साप चावलेला माणूस नेला. सोबत झोपाळू."

"झोपाळू?"

"त्याचं नाव कोणाला माहीत? उतरल्यावरही झोपलेलाच असायचा."

तिला हसू फुटलं नाही. तिने पानांचे फोटो काढले. पुढच्या तीन आठवड्यांत ती अकरा वस्त्यांवर फिरली आणि सगळ्या वह्यांचे फोटो घेऊन सरकारी विमान खात्यात गेली.

"गावातल्या वह्या आम्ही पुरावा धरत नाही," तिथला अधिकारी म्हणाला.

"मग त्यांना रेडिओवर विचारा. मी इथेच बसते."

ती तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी त्याने वैतागून रेडिओ लावला, आणि नांतिपने त्याला वही वाचून दाखवली, झोपाळूसकट. दोन महिन्यांच्या चौकशीनंतर तिचे दोनशे नव्वद तास परत मिळाले. फाब्रिसियोचे तेवढेच कापले गेले. पण तोवर विमान कंपनीची भरती बंद झाली होती, आणि दीड हजाराला अजून चार तास कमीच होते.

मिरेया दुसऱ्या कंपनीत लागली. पहिल्याच सकाळी ती विमानात बसली, तोच धावपट्टीवर एलिएसेर समोर आला.

"झालं गेलं विसर. परत ये. तुझ्यासारखं कोणी उतरवत नाही."

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "इंजिन चालू करायचंय."

तो हलेना. मग ती विमानातून खाली उतरली, त्याचं कोपर धरलं आणि त्याला पांढऱ्या रेषेपलीकडे नेऊन सोडलं. परत आत चढून तिने पट्टे आवळले आणि चार तासांतला पहिला तास सुरू केला.