देवकीची वळलेली बोटं

कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत त्या रविवारी नुसता धुडगूस! सगळी कॉलनी फुंकरबाबाच्या मांडवात, आणि मांडवभर एकच आवाज: फूं-फां, फूं-फां!

"जोरसे साँस, पाप का नास!" बाबा ओरडत होता. "अंगाले मुंग्या आल्या ना? देवी आली समजा!"

मुंग्या खरंच आल्या. कोणी गरगरून खाली बसलं, कोणी उगाच खिदळत सुटलं. मी कॉलनीच्या शाळेत विज्ञान शिकवते, तरी माझेही पाय ठेका धरू लागले, काय सांगू!

इतरांना बाबा लवकर "जय" म्हणून थांबवायचा. माझ्या शेजारच्या देवकीला मात्र त्यानं थांबवलंच नाही. पोर भेदरून फुंकत राहिली, आणि एकाएकी तिची बोटं चोचीसारखी वळली. सुटेचनात!

"देखो!" बाबा गरजला. "हिनं तुमचा वंश मुठीत धरला हाय! हिले माहेरी धाडा, पोराचं दुसरं लगन करा!"

लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. सासू प्रयागबाईंना एवढं निमित्त पुरे होतं. घरी येताच त्यांनी देवकीची ट्रंक अंगणात काढली. देवकी रडत होती आणि नवरा गिरिधर खाली मान घालून उभा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"प्रयागबाई, चला मांडवात! तुमच्या मुठीत काय आहे ते पाहू."

"माह्या? मले पाच लेकरं हायेत, बाई!"

"म्हणूनच तर!"

मांडवात मी सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं, "मंत्र-बिंत्र काही नको. नागपुरात बर्डीला जाणाऱ्या बसचा कंडक्टर ओरडतो तसं: कोराडी म्हटलं की श्वास आत, बर्डी म्हटलं की बाहेर."

लोकांना तेवढंच हवं होतं. टाळ्यांवर ठेका धरला, "कोराडी, बर्डी! कोराडी, बर्डी!" प्रयागबाई लाल होईस्तोवर फुंकत होत्या.

"वं माय! मले गरगरून राहिलं... बोटं! माही बोटं वळून राहिली!"

"काय बाबा, वंश मुठीत धरून यांना पाच लेकरं कशी झाली?" मी विचारलं.

बाबा चाचरला, "ये... ये बर्डी की देवी है!"

"मग तिला बसनं परत पाठवा!" कोणीतरी ओरडलं, आणि मांडव हसून लोळला.

प्रयागबाईंना मी नाकानं सावकाश श्वास घ्यायला लावला. हळूहळू बोटं सुटली.

"ही कसली जादू, मास्तरीणबाई?" बॉयलरवरच्या नत्थूनं विचारलं.

"अहो नत्थूभाऊ, तुमच्या बॉयलरात कोळसा जळतो, तशी अंगात भाकर जळते. त्यातून पेशीपेशीत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. रक्त तो फुप्फुसात आणतं, श्वास बाहेर टाकतो. पण हा काही निव्वळ धूर नव्हे. थोडा रक्तात राहायलाच हवा. फुंकून फुंकून तो जास्तच बाहेर टाकला की रक्ताचा तोल जातो. मग डोकं गरगरतं, मुंग्या येतात, बोटं वळतात. तुमची, माझी, बाबांचीसुद्धा!"

"म्हंजे धुराड्याखाली नोकरी करून आमाले आमचंच धुराडं समजलं नाही!" नत्थूनं कपाळावर हात मारला. बाबाला मग लोकांनी "कोराडी, बर्डी" म्हणत थेट बसमध्ये बसवलं.

घरी परतलो तर देवकी अंगणात ट्रंकेवरच बसलेली.

"आत्याबाई, बोटं कोणाची वळली?" तिनं विचारलं. मांडवातली खबर तिच्यापर्यंत पोचली होती.

"माही," प्रयागबाई म्हणाल्या. "डोस्कंही माह्यंच फिरलं होतं. ऊठ पोरी. गिरिधर, पाहत काय राहिला गा? ट्रंक आत घे!"

मूल हवं असेल तर नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावं. आणि कोणी बाबा "जोरात फुंका" म्हणाला, तर आधी त्याला कारण विचारावं, आमच्याकडच्या एकाच शब्दात: काहून?