उलटे आटे

"कापून टाका की सरळ," वहिनी म्हणाली. "एवढी झटापट कशाला करताय, भाऊजी?"

धाकटा जीपच्या नाकाखाली उताणा पडला होता. गंजाचा भुगा पापण्यांवर पडत होता आणि दोरखंड बांधायच्या हुकाचा शेवटचा बोल्ट जागचा हलायला तयार नव्हता.

"दादाच्या गाडीला कटर लावायचा?" तो खालूनच म्हणाला.

शेडच्या दारात मोडक्या स्टुलावर वहिनी पदर आवरून बसली. घर रिकामं करून ती लेकीकडे राहायला निघाली होती. भांडीकुंडी गेली, पलंग गेले, आता राहिली ती ही जीप. शेतमळ्यावरच्या कामाला एकाने ती घेतली होती आणि आज दुपारी तो ओढून न्यायला येणार होता. पण चाकं जाम, टायर कुजलेले, हुक मोडलेला. गावातल्या दोन मिस्त्रींनी गाडी पाहून हात जोडले. मग वहिनीने धाकट्याला निरोप धाडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

निरोप आला तेव्हा त्याची बायको म्हणाली होती, "गरज सरो, वैद्य मरो. जाऊ नका." तो ऐकून न ऐकल्यासारखं करून निघून आला.

त्याने डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं बोल्टाभोवती गुंडाळलं आणि हातोडीने डोक्यावर हलके ठोके दिले, दार वाजवावं तसे. मग पाना लावून आधी किंचित आवळला, आणि मगच सोडवायला लागला. आवळल्याशिवाय सुटत नाही, ही दादाची शिकवण. गंजलेल्या बोल्टाशी भांडायचं नाही, त्याची समजूत काढायची, असं दादा म्हणायचा. माणसांची समजूत काढणं मात्र त्याला कधी जमलं नाही. तिथे त्याचा थेट घणच पडायचा.

बोल्ट कुरकुरला, आणि सुटला.

दोघा भावांचं गॅरेज याच शेडमध्ये होतं. जुन्या जीपगाड्या दुरुस्त कराव्यात तर दादानेच, असं लांबलांबचे लोक म्हणत. धाकटा त्याच्या हाताखाली तयार झाला. आणि मग ते प्रकरण घडलं. गावच्या शाळेतल्या मास्तरांची जीप दुरुस्त होऊन गॅरेजमधून बाहेर पडली आणि घाटाच्या उतारावर तिचं डावं चाक निखळलं. मास्तर वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. चार लोक जाब विचारायला आले तेव्हा दादा सगळ्यांसमोर धाकट्याकडे वळून म्हणाला होता, "डावीकडची चाकं उलटी असतात, हे तुला किती वेळा शिकवलं?"

त्या जुन्या जीपांची गंमतच आहे. उजव्या बाजूच्या चाकांचे नट इतर नटांसारखेच. डाव्या बाजूचे आटे मात्र उलटे. तिथे उजवीकडे फिरवलं की नट सुटतो आणि डावीकडे फिरवलं की आवळतो. नवशिका हमखास फसतो. पण धाकटा तेव्हा नवशिका नव्हता, आणि मास्तरांच्या गाडीचं डावं चाक त्याने बसवलंच नव्हतं. ते दादाने बसवलं होतं. धाकट्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो तसं म्हणालाही. पण दादाचा शब्द एकीकडे आणि त्याचा एकीकडे. कोण ऐकतो? त्याच दिवशी तो गॅरेजमधून बाहेर पडला. पुढे लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'ढिल्या'. गावात कुणी पुन्हा त्याच्या हाती चाक दिलं नाही. तो पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला, आणि अजूनही तेच करत होता. बाजारात मास्तर लंगडत समोरून आले की तो गल्ली बदलायचा. आपलं पाप झाकायला सख्ख्या भावाने आपला बळी दिला, ही गोष्ट त्याच्या आतड्यात रुतून बसली होती. दादा गेला तेव्हा तो शेवटच्या रांगेत उभा राहून आला होता. डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, याचंच त्याला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

उजवीकडची चाकं फारसा त्रास न देता निघाली. तो डावीकडे आला, पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसला आणि तसाच थांबला.

नटांचे कोपरे झिजून गुळगुळीत झाले होते. कुणीतरी पान्याला लांब पाइप लावून, सगळं अंग टाकून जोर केला होता. नट ज्यावर चढतो त्यातला एक स्टड पिळवटून निघाला होता. आणि कोपरे घासले होते ते एकाच अंगाने. ज्याने कुणी हे केलं तो नट डावीकडे फिरवत होता. उघडायला म्हणून फिरवत होता आणि आवळत होता.

"वहिनी, ही गाडी शेवटची बाहेर कधी निघाली?"

"तुमचं ते प्रकरण झालं ना, त्याच्या आधीचा उन्हाळा." ती आठवत म्हणाली. "हेच चाक पंक्चर झालं होतं. हे सबंध दुपार त्याच्याशी झटत होते. शेवटी पाना फेकून दिला. मी पाणी घेऊन आले तर माझ्यावरच खेकसले. गाडीच कामातून गेली म्हणाले आणि वर ताडपत्री टाकली. मग कधी काढलीच नाही."

"दुसऱ्या कुणी हात लावला होता?"

"ह्यांच्या गाडीला? तुम्हाला तरी लावू देत होते का?"

धाकट्याने नटावरून अंगठा फिरवला. दादाला शेवटी विसरण्याचा आजार झाला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण तो फार पुढे, म्हातारपणी, असं सगळे धरून चालले होते. त्याची सुरुवात इथे झाली होती, या चाकापाशी. हे त्या दुपारी दादालाही कळलं नव्हतं. पुढे मास्तरांच्या गाडीचे नट त्याने बोटांनी आटे लागतील तसे चढवले असतील, आणि पान्याचा शेवटचा झटका दिला असेल तो सवयीने, उजवीकडे. आणि आपण चाक पक्कं बसवलं, असं मनापासून मानून तो हात पुसत उठला असेल. विसर येत-जात असणार; नियम आठवायचा, आपल्याच हाताने केलेलं मात्र नाही. म्हणजे दादा खोटं बोलला नव्हता. सगळ्यांसमोर धाकट्याकडे वळला तेव्हा त्याला खरोखरच वाटत होतं, की हे यानेच केलंय.

इतकी वर्षं पोसलेला राग एकदम कुठे ठेवावा, ते धाकट्याला कळेना. बाप गेल्यावर दादाने त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं होतं, ते मात्र उगाचच आठवलं. त्याने ब्लो-लॅम्प पेटवला, नट तापवला, वर मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत झिरपलं. मग पाना घट्ट ठोकून बसवला, आणि उजवीकडे जोर दिला. नट किंचाळला. पुन्हा जोर दिला. सुटला.

वहिनी उठून जवळ आली होती. "असा उजवीकडे फिरवून उघडतो?"

"डावीकडची उलटी असतात, वहिनी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता बरं लक्षात राहिलं तुमच्या."

त्याच्या हातातला पाना थांबला. सांगण्यासारखं सगळं समोर होतं. हे कोपरे, हा पिळवटलेला स्टड. एका वाक्याचं काम होतं. आणि मास्तरांपर्यंत जायला त्या वाक्याला संध्याकाळही लागली नसती.

"एक सांगू का, भाऊजी?" वहिनीच म्हणाली. "शेवटी शेवटी हे मला ओळखत नव्हते. पण तुमचं नाव घ्यायचे. म्हणायचे, धाकटा आहे, पोराचं चुकलं, त्याला घरी बोलवा. मीच नाही बोलावलं. ह्यांच्या नावाला बट्टा लागला तो तुमच्यामुळे, हेच माझ्या डोक्यात. गॅरेज बसलं, हे खचले..." तिने पदराने नाक पुसलं. "जाऊ दे. मी आता हे गाव सोडून चालले. मनात काही ठेवून जायचं नाही मला. झालं ते झालं. माझ्याही मनात आता काही नाही."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या केसांची, रिकाम्या घराची मालकीण. नवऱ्याचं नाव तेवढं तिच्यापाशी शिल्लक होतं.

"चुकलंच माझं, वहिनी," तो म्हणाला.

मग तो पुन्हा चाकाकडे वळला. काढलेले झिजके नट त्याने शेडमागच्या भंगाराच्या ढिगात टाकले, तो पिळवटलेला स्टड ठोकून काढला, नवा बसवला, जाम चाकं मोकळी केली, बरोबर आणलेले टायर चढवले आणि पुढे नवा हुक लावला. जुन्या सामानाच्या डब्यात उलट्या आट्यांचे नट दादाने वेगळे बांधून ठेवले होते. तेच त्याने एकेक करून डावीकडे आवळले.

दुपारी मळेवाला ट्रॅक्टर घेऊन आला. जीपभोवती फिरून खूश झाला. मग त्याने धाकट्याला नीट निरखलं आणि त्याचा चेहरा जरा उतरला. "तुम्ही ते... पंपवाले ना?"

"हो."

"राग मानू नका हं. एकदा बघून घेतो मी."

त्याने पाना उचलला आणि डाव्या चाकाला लावून उजवीकडे ओढायला गेला.

"उलटं," धाकटा म्हणाला. "तिकडून ढिला होईल."

मळेवाल्याने संशयाने पाहिलं, पण पाना फिरवून लावला आणि डावीकडे जोर दिला. मग पुढचा नट. मग त्याच्या पुढचा. धाकटा हात मागे बांधून बाजूला उभा होता, शाळेत वही तपासून घ्यायला उभं राहतात तसा. एकही नट हलला नाही.

"घट्ट आहेत," मळेवाला म्हणाला. त्याला जरा नवलच वाटलं होतं.

दारात उभ्या असलेल्या वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो धाकट्याला ऐकू आला.