सातवा थांबा

ताईनं आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलं होतं : दवाखान्यासमोरचा थांबा, अडतीस नंबर, सात थांबे. बस सुटल्यापासून ती प्रत्येक थांब्याला वहीत एक रेघ ओढत होती. मोजायचं काम चोख चाललं असताना खिडकीबाहेर बघायची गरजच काय? सातवी रेघ ओढली, वही मिटली आणि ती रुबाबात उतरली.

समोर जुन्या तराजूंचं संग्रहालय असायला हवं होतं. समोर टायर होते. डावीकडे टायर, उजवीकडे टायर, आणि एका दुकानात टायरच्या चळतीवर बसून एक म्हातारा पेपर वाचत होता.

चूक शोधायला तिला तीन मिनिटं लागली. या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावतात आणि ती मात्र जन्माच्या सवयीनं डाव्या बाजूच्या थांब्यावर उभी राहिली होती. नंबर बरोबर, मोजणी बरोबर, दिशा उलटी. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तीस वर्षं काढलेल्या बाईनं हे करावं! एखाद्या मुलानं असं जर्नल आणलं असतं, तर तिनं ते सरांपर्यंत पोचूच दिलं नसतं.

परत जाणं काही अवघड नव्हतं. रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून तीच बस धरायची. खरी अडचण वेगळीच होती. निघायच्या आधी धाकट्या भावानं घर डोक्यावर घेतलं होतं. "एकटीनं? परक्या शहरात? आठ जणींच्या खोलीत, माळ्यासारख्या वरच्या पलंगावर? या वयात?" त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून चौपन्न वर्षांच्या ताईनं सगळ्यांसमोर शब्द दिला होता : एकदा जरी रस्ता चुकले, तर मुकाट्यानं भावजयीच्या मामेभावाकडे राहायला जाईन. तो याच शहरात नोकरीला होता. मग पुढचे दिवस त्याच्या गाडीतून, त्याच्या बायकोच्या सवडीनं, ती दाखवतील तेवढंच बघायचं. अजून सहा दिवस बाकी होते. आणि आजवर ताईनं दिलेला शब्द कधी मोडला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर भाऊ, त्याच्या खांद्यावरून डोकावणारी भावजय आणि कोपऱ्याच्या चौकटीत, ऑफिसातल्या खुर्चीवर, मामेभाऊ.

"काय वन्सं, भटकताय वाटतं?" भावजय म्हणाली. "मागे काय आहे ते, टायर?"

हो, भटकतेय, एवढं म्हटलं की मिटलं असतं. भटकणाऱ्या माणसाला टायर दिसू नयेत असा काही कायदा नाही. ताईनं क्षणभर विचार केला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"भटकत नाहीये. चुकले," ती म्हणाली. "उलट्या बाजूची बस धरली."

भाऊ खुर्चीतून उठलाच. "बघ! मी म्हणत नव्हतो? तिसऱ्याच दिवशी!"

"ताई, अजिबात हलू नका," मामेभाऊ म्हणाला. "लोकेशन पाठवा, मी गाडी घेऊन निघतोच. सामानही येता येता उचलू. हिनं खोली आवरूनच ठेवलीय."

"म्हणजे मी चुकणार हे तिला आधीच ठाऊक होतं?"

मामेभाऊ हसला, मग हसणं बरं दिसत नाही म्हणून खोकला.

"ताई, पाठव लोकेशन," भाऊ म्हणाला. "शब्द दिला होतास तू."

"दिला होता."

"मग?"

"तो मागे घेते."

भावजयीनं तोंडावर हात ठेवला, पण डोळे हसत होते की काय, हे एवढ्याशा पडद्यावर कळायला मार्ग नव्हता.

"असं कसं मागे घेतेस? पोरखेळ आहे का?"

"अट चुकीची होती आणि ती मीच घातली, तेव्हा ही चूकसुद्धा माझीच. दोन झाल्या. मोजून ठेव." ताईचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. "तीस वर्षांत पोरांनी किती परीक्षानळ्या फोडल्या असतील माझ्यासमोर! मी काच गोळा केली आणि दुसरी नळी हातात दिली. एकालाही म्हटलं नाही, की जा घरी, तुझं रसायनशास्त्र संपलं. आणि मी एक बस चुकले तर मला गाडीत घालून नेणार?"

"तुला काही झालं म्हणजे?" भावाचा आवाज खाली आला. तो खरोखर घाबरला होता, हे तिला दिसलं. पण तेवढ्यानं ती विरघळली नाही.

"झालं तर पहिला फोन तुलाच करीन. पण काही होईल म्हणून आधीच घाबरून बसायचं काम माझ्याकडे देऊ नकोस. ते तू करतोयस, छान करतोयस."

"वन्सं, बरोबर बोललात," भावजय एकदम म्हणाली.

"तू गप गं!"

"का म्हणून गप? मला विचारलं असतंत तर आधीच सांगितलं असतं."

मामेभावानं घड्याळाकडे पाहिलं. "मग मी निघू की नको?"

"नको," ताई म्हणाली. "रविवारी दोघं या माझ्याकडे. तोवर मी बघून ठेवते, मग तुम्हाला दाखवते शहर."

भावानं नाक ओढलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग घुश्शातच म्हणाला, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"मग जेव आधी. उन्हात काय उभी राहिलीस वेड्यासारखी!"

फोन ठेवून ताईनं आजूबाजूला पाहिलं. टायरच्या दुकानांना लागून एक खानावळ होती. आत सगळे कामगार, हात कोपरापर्यंत काळे, आणि बाई एकही नाही. ती दारात उभी राहिली तसं सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. तिनंही एकेकाकडे नीट पाहून घेतलं. मग खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर बसली आणि शेजारच्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखवून मालकाला खूण केली : हेच, आणि एवढंच.