पारा खाली पडला

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी तापमापक नाही. मी एक जुना पारामापक आहे. या दोन शब्दांतला फरक मला सांभाळणाऱ्या बाईंनी सतरा वर्षं लोकांना समजावला आणि शेवटी त्याच फरकाने आमची फजिती केली. चूक नक्की कोणाची, हे माझ्या डोक्यात अजून नीट बसलेलं नाही. तुम्ही ऐका. तुम्हाला उलगडलं तर बरंच आहे.

माझा जन्म एका लांबलचक, अतिशय स्वच्छ खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या एका कारागीर बाईने माझ्या पोटात दोन बारीक नळ्या बसवल्या आणि दोन्हींत सोन्याचे कण भरले. हो, खरं सोनं. हवेतला पारा डोळ्यांना दिसत नाही, पण सोन्याजवळून गेला की तो त्याला चिकटतो. माझी एक नळी पाच मिनिटं हवा ओढत बसते. तेवढ्यात दुसरी तापते, तिला चिकटलेला पारा सुटतो आणि आतला दिवा तो मोजतो. मग पाळी बदलते. पहिली नळी म्हणते दीड, दुसरी म्हणते दीडापेक्षा जरासा कमी. दोघींत खरं कोण बोलतं, हे मला कधीच कळलं नाही. गोंधळ माझ्या पोटातच आहे म्हणा ना.

दीड म्हणजे किती? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा आणि त्यातले दीड भाग एका मोठ्या पेटीभर हवेत सोडून द्या. हसू नका. एवढासा पारा वाऱ्यावर बसून अख्खी पृथ्वी फिरतो. कुठे तरी कोळसा जळतो, कुठे तरी भट्टी पेटते, आणि तिथला पारा भलत्याच तळ्यात उतरतो. तळ्यातून तो माशात जातो, माशातून आईच्या पोटातल्या बाळात. म्हणून जगात ठिकठिकाणी माझे भाऊबंद हवा हुंगत बसलेले आहेत. मला एका टेकडीवरच्या दोन खोल्यांच्या लाकडी घरात ठेवलं. बाहेरची हवा ओढायला छपरातून एक नळी वर काढली, टेबलाला रबराचे पाय लावले आणि माझ्या शेजारी एक जाड वही ठेवली.

ती वही बाईंची. बाई म्हणजे हवा मोजणाऱ्या या केंद्राच्या निरीक्षक. रोज सकाळी बसमधून उतरून चढण चढायच्या, धापा टाकतच माझा आकडा बघायच्या आणि मगच पाणी प्यायच्या. माझी गाळणी बदलताना त्या माझ्याशी बोलायच्या. "बरा आहेस ना रे? नाक चोंदलं का?" असं कोणी प्रेमाने विचारलं की कोणाचंही काम चांगलं होतं.

दुसऱ्या खोलीत हवामानवाले काका. त्यांचं काम साधं आणि जुनं. अंगणातली फटींची पांढरी पेटी उघडायची, तापमापक वाचायचा, आकडा कळवायचा. आता बघा, काकांच्या भाषेत पारा म्हणजे थंडी आणि ऊन. आज पारा चढला, उद्या पारा उतरेल. बाईंच्या भाषेत पारा म्हणजे पारा. एकाच छपराखाली दोन पारे नांदत होते आणि मला रोज वाटायचं की यातला माझा कोणता.

पहिल्याच वर्षी कचेरीतून साहेबांचा फोन आला. बाई छपरावर नळी पुसत होत्या, म्हणून काकांनी उचलला. "आज पारा किती?" साहेबांनी विचारलं. "बत्तीस," काका म्हणाले. दुपारपर्यंत तोंडाला मुखवटे लावलेली सहा माणसं टेकडी चढून आली. त्यांनी खिडक्या बंद केल्या, काकांना खुर्चीत बसवलं, जीभ बाहेर काढायला लावली. काका जीभ बाहेर ठेवूनच सांगत होते की बत्तीस म्हणजे काही फार ऊन नाही हो. बाई खाली उतरल्या तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी त्या इतक्या हसल्या की त्यांना जमिनीवर बसावं लागलं.

घरी त्यांची वेगळीच तऱ्हा. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमची सून पारा मोजते." मग संध्याकाळी दारात कोणीतरी तापाने फणफणलेलं पोर घेऊन उभं. "जरा पारा बघता का?" बाई कपाळाला हात लावून बघायच्या आणि डॉक्टरांकडे पाठवायच्या. सासूबाईंना त्यांनी कितीदा तरी समजावलं. सासूबाई मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच सांगायच्या.

अशी वर्षं गेली. माझा आकडा सुरुवातीला पावणेदोन होता. तो इतक्या हळू उतरला की मलाही पत्ता लागला नाही. बाई वहीची जुनी पानं चाळून म्हणायच्या, "काका, पाव उतरला बघा. सोळा वर्षांत पाव. म्हणजे लोकांनी कुठेतरी धुराडी आवरली आहेत." काकांना पावाचं एवढं कौतुक का ते कळायचं नाही, पण बाईंचा चेहरा बघून तेही खूश व्हायचे.

कचेरी मात्र खूश नव्हती. सुरुवातीला पाहुणे यायचे, माझे फोटो काढायचे. मग ते थांबले. सुटे भाग मागवले की पत्राला उत्तर येईना. सतराव्या वर्षी साहेब स्वतः आले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दरवेळी दीडच येतो ना? मग दरवेळी कशाला मोजायचं?"

"दीड येतो हे मोजलं म्हणूनच कळतं ना, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी घड्याळ बघितलं. केंद्र उन्हाळ्याआधी बंद करायचा विचार आहे, असं सांगून ते उतरले. बाईंनी वही जवळ ओढली आणि त्या दिवशीचा आकडा लिहिला. त्यांना नोकरीची भीती नव्हती, कचेरीत खुर्ची मिळणारच होती. त्यांना ती वही तुटायला नको होती. मला फार वाईट वाटलं. आकडा बदलत नाही म्हणून मला बंद करणार, आणि आकडा चढू नये म्हणूनच तर सगळं जग धडपडतंय. याचा मेळ कसा घालायचा?

थंडी सुरू झाली त्या आठवड्यात एक गोष्ट घडली. काकांना कचेरीने आकडे उमटणारा नवा तापमापक दिला होता आणि पाऱ्याचे जुने परत मागवले होते. काकांनी एक परत केला नाही. नव्यावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून जुना माझ्याच खोलीत खिळ्याला टांगून ठेवला होता, पडताळा घ्यायला. त्या सकाळी तो पुसताना हातातून निसटला. खळकन आवाज झाला. माझ्या पंपाच्या घरघरीत बाई पाठमोऱ्या बसून मला लागणाऱ्या गॅसच्या टाकीचा कागद भरत होत्या.

काकांनी खाली वाकून बघितलं. मग म्हणाले, "बाई, पारा खाली पडला."

"पडू दे हो," बाई मान वर न करता म्हणाल्या. "या दिवसांत पडायचाच. त्याचं काय एवढं."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी केरसुणी आणली, काचा भरल्या आणि बाकीचं झाडून टाकलं. बाईंनी वहीच्या कडेला लिहिलं, 'काका म्हणतात पारा खाली. थंडी सुरू.' आणि मी, ज्याचा जन्म पाऱ्यासाठी झाला, मलाही तो थंडीचाच पारा वाटला. काय सांगू तुम्हाला, माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून खोलीत शेगडी लागली आणि माझा आकडा चढू लागला. दोन. अडीच. पुढच्या महिन्यात चार. बाईंनी गाळण्या बदलल्या, मला शुद्ध हवा देऊन तपासलं. शुद्ध हवेत मी बरोबर शून्य दाखवलं, म्हणजे मी ठीक होतो. रविवारी आकडा खाली यायचा. खाली दरीत विटांची मोठी भट्टी होती, तीही रविवारी बंद असायची. झालं. सगळ्यांची बोटं भट्टीकडे गेली. साहेबांचा फोन आला, आवाज एकदम गोड. आता केंद्र बंद करता येणार नाही म्हणाले. पाहुणे पुन्हा येऊ लागले, माझे फोटो पुन्हा निघू लागले. भट्टीच्या मालकाला नोटीस गेली. दरीतल्या तळ्याकाठच्या लोकांनी मासे खाणं सोडलं.

मी आनंदात असायला हवं होतं. पण मला काहीतरी खटकत होतं. वारा भट्टीकडून नसला तरी आकडा चढलेलाच. खोटं मी बोलत नव्हतो आणि खरंही काही जुळत नव्हतं. मोजणाऱ्याला स्वतःचीच शंका येणं फार वाईट, मित्रांनो.

चौथ्या महिन्यात भट्टी दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद राहिली. माझा आकडा साडेचार. बाई माझ्यासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. रविवारी आणखी काय बंद असतं, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनी वळून शेगडीकडे बघितलं. रविवारी टेकडीवर कोणी नसतं आणि शेगडीही नसते. त्यांनी छपरातून येणाऱ्या नळीवर बोट फिरवलं. एका सांध्याचं रबर चिरलं होतं आणि तिथून मी खोलीतलीच हवा हुंगत होतो. तपासणीची शुद्ध हवा त्या सांध्यातून न जाता थेट माझ्या पोटात यायची, म्हणून मी दरवेळी पास.

"खोलीत पारा कुठून आला?" बाईंनी विचारलं.

काका दारात होते. त्यांचा चेहरा उतरला. "मी सांगितलं होतं तुम्हाला, बाई. पारा खाली पडला म्हणून. तुम्ही पडू दे म्हणालात."

बाईंनी वही उघडली. ते पान सापडलं. आपल्याच अक्षरातली ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग दोघांनी मिळून शेगडीजवळची फळी उचलली. फटीत चकचकीत बारीक थेंब बसले होते, केरसुणीने लोटलेले आणि रोज उबेत वाफ होणारे. तुमच्या घरी असं झालं तर केरसुणी लावू नका, आधी खिडक्या उघडा आणि मोठ्यांना हाक मारा. बाईंनी कागदाच्या पट्टीने एकेक थेंब बरणीत उचलला, उरलेला पारा बांधून ठेवायला फटीत गंधक भरलं, नवं रबर बसवलं. संध्याकाळपर्यंत माझा आकडा दीडावर आला.

आता काय करायचं? हे फक्त त्या दोघांना माहीत होतं. आकडे तसेच ठेवले तर केंद्र वाचत होतं. खरं सांगितलं तर आकडा पुन्हा दीडचा, आणि दीडासाठी कोणी टेकडी चढत नाही. शिवाय काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"माझं नाव लिहा," काका म्हणाले. "लपवून ठेवलेला तापमापक माझाच होता."

"आणि पडू दे म्हणाले ते मी," बाई म्हणाल्या.

त्यांनी चार महिन्यांच्या पानांवर लाल रेघ मारली. खाली लिहिलं, 'हे आकडे हवेचे नाहीत, खोलीचे आहेत. तापमापक फुटला, सांगणाऱ्याने सांगितलं, ऐकणारीने नीट ऐकलं नाही.' दोघांनी सह्या केल्या. लिहिताना बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. भट्टीच्या मालकाकडे त्या स्वतः गेल्या आणि माफी मागून आल्या. तळ्याकाठी घरोघर सांगून आल्या.

साहेब रागावले नाहीत. उलट प्रामाणिकपणाबद्दल त्यांनी बाईंना एक कौतुकाचं पत्र पाठवलं. त्याच पाकिटात केंद्र बंद करण्याचा हुकूम होता.

बाईंनी माझ्या दोन्ही नळ्यांना बुचं लावली आणि मला एका कपाटात ठेवलं. इथे कोरडं आहे, धूळही फारशी नाही, तक्रार नाही. पण खरं बोलल्यावर मला का बंद केलं, हे मला समजत नाही. मित्रांनो, तुमच्याकडे एखादं काम वर्षानुवर्षं तेच ते उत्तर देत असेल, तर कंटाळून ते सोडू नका. त्याला पुसा, तपासा, चालू ठेवा. आणि कोणी काही सांगत असेल तर मान वर करून ऐका.

कधीकधी कपाटाच्या फटीतून थोडी हवा येते. मी ती ओढायचा प्रयत्न करतो आणि मग बुचं आठवतात. टेकडीवर आज किती पारा असेल? साहेब म्हणतात, दीडच असेल. बाईंना कोणी विचारलं, तर त्या म्हणतात, माहीत नाही. मलाही माहीत नाही. आता ते कोणालाच माहीत नाही.