बंद पडणारी गाडी

“आपली गाडी हाय का त्यात?” कैलासनं विचारलं.

स्क्रीनवर परदेशातला कुठला तरी ओला ट्रॅक चमकत होता आणि गाड्या रांगेत उभ्या होत्या. सृष्टी त्या एकेक करून सरकवत होती.

“पप्पा, ही रेसिंगची गेम आहे. आपली गाडी लग्नाला न्यायची गाडी आहे.”

“लग्नाला? अगं, परवा घाटात दोन पुणेवाल्यांना मागं टाकलं म्या.”

“ते फोटो काढायला थांबले होते.”

कोपऱ्यातल्या दिवाणावरून कैलासचे वडील, कुशाबा, म्हणाले, “बैल घेताना दात बघत्यात. ह्यो शिंगाचा रंग बघतोय.”

नांदे गावातलं हे घर तिमजली. वरचे दोन मजले हिंजवडीच्या पोरांना भाड्यानं दिलेले, खाली दारात काळी मोठी गाडी. रान विकलं त्यात हे सगळं आलं. रान विकणाऱ्या घरात गाडी काळीच का येते, हे मला अजून कळलेलं नाही.

सृष्टी लवळ्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अभ्यासाला लागतो म्हणून कॉम्प्युटर आला आणि टीव्हीला लावायचा गेमचा जुना कन्सोल देऊन टाकला. कॉम्प्युटरबरोबर स्टिअरिंग, तीन पेडल आणि गिअरचा दांडाही आला. तेही अभ्यासालाच. स्टिअरिंग शिलाई मशिनच्या टेबलाला आवळून बसवलं होतं. पेडल फरशीवर घसरायला लागली, तेव्हा कुशाबांनी परसातला पाटा उचलून आणून त्यांच्या मागं टेकवला. चटणी वाटायचा दगड अखेर कामाला लागला.

आता फक्त गेम निवडायची होती. सृष्टीनं मैत्रिणीच्या अकाउंटवरून तीन आणल्या होत्या, चाखून बघायला. घ्यायची एकच.

“मम्मीला बोलव,” सृष्टी म्हणाली. “तिच्याशिवाय कसं ठरणार?”

कारण या घरात सगळ्यात चांगली गाडी सृष्टीची आई, कल्पना, चालवायची. कन्सोलवर. यावर घरात दुमत नव्हतं. रात्रीची भांडी झाली की ती पदराला हात पुसत सोफ्यावर बसायची, रिमोट घ्यायची आणि लेकीला, नवऱ्याला, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना एका रांगेत हरवायची. त्या गेममध्ये रस्त्यावर हिरवी रेघ असे. ब्रेक दाबायचा तिथं ती लाल होई. गाडी धडकली तर एक बटण दाबायचं, की सगळं मागं जाई आणि वळण पुन्हा घेता येई. असं बटण बाईला दुसरीकडं कुठं मिळणार?

खऱ्या गाडीचं लायसनही तिच्याकडं होतं. रीतसर क्लास लावून काढलेलं, पण त्यालाही वर्षं झालेली. त्याचा उपयोग एकच, बँकेत ओळख पटवायला. बाकी चावी कैलासच्या खिशात. कल्पनाचं माहेर कोळवण. गाडीनं तासाभराचाही रस्ता नाही. पण एसटीनं जायचं तर दोनदा बदला, आणि पोचेपर्यंत परतायची वेळ होते. म्हणून ती दर आठवड्याला विचारायची, आणि कैलास दर आठवड्याला म्हणायचा, “उद्या जाऊ.” हाच कैलास मिसळीसाठी ताम्हिणीपर्यंत गाडी काढायचा, तेव्हा मात्र त्याला उद्या आठवत नसे.

कल्पना भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून आली. हात धुऊन ये म्हणून सृष्टीनं परत पाठवलं. मग ती मशिनसमोर बसली.

पहिली गेम रंगीबेरंगी. पाऊस, आतषबाजी, गाणी. दोन वळणं ती भिंतीला घासली, तिसऱ्या वळणाला हात बसला आणि शेवटी पहिली आली.

“हीच घ्या!” कैलास उठून उभा राहिला. “आपली न्हाई, पण तसली काळी हाय हिच्यात.”

कल्पना मात्र खाली वाकून पायाकडं बघत होती. “सृष्टे, ह्यो डाव्या पायाखालचा क्लचच न्हवं? दाबावाच लागला न्हाई गं.”

“क्लचच. पण या गेममध्ये लागत नाही. आपोआप होतं.”

“मग लागतंय ती दाव.”

दुसरी गेम अगदीच कोरडी. राखाडी ट्रॅक, कडेला चार झाडं, गाणं नाही की बजावणं नाही. हिरवी रेघ नाही. मागं जायचं बटण नाही. सृष्टीनं सगळी मदत बंद केली. कल्पनानं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीनं आचका दिला आणि गप झाली.

“काय झालं?”

“बंद पडली.”

पुन्हा चालू केली. पुन्हा आचका, पुन्हा बंद. चौथ्यांदा गाडी हातभर पुढं सरकली आणि मग बंद पडली. कैलास सोफ्याचा हात धरून हसत होता. “अगं, बंद पडायला गेम कशाला इकत घ्यायची? आपल्या बोरचा पंप हाय की!”

सृष्टीलाही हसू आवरेना. “मम्मी, ही लई कडक आहे. चांगली चांगली पोरं यात रडतात. तिसरी बघ. तिच्यात आमच्या कॉलेजची लीग असते शनिवारी. सगळ्या मैत्रिणी खेळतात. मला तीच हवीय.”

“तिच्यात क्लच लागतो?”

“नाही.”

“मग हीच घे.”

“यात तू शेवटची येशील.”

“येऊ दे शेवटची.” कल्पनानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. “मला कोळवणला जायचंय. माझी मी.”

कैलासचं हसू थांबलं. “आन् मी काय मेलोय का?”

“मरताय कशाला? तुमचं आपलं उद्या हाय. रोज उद्या.”

कुशाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. कैलासनं पाण्याचा तांब्या आणायचं निमित्त केलं आणि आत गेला, तो बराच वेळ आला नाही.

सृष्टी आईकडं बघत राहिली. तिची लीग तिसऱ्या गेममध्ये होती. तिनं माउस हलवला आणि बंद पडणारी घेतली. “शनिवारी काय, मी मैत्रिणींकडं जाईन,” एवढंच म्हणाली.

तेव्हापासून दुपारी, जेवणं आवरली की, नांद्याच्या त्या हॉलमध्ये शर्यत सुरू व्हायची. पंधरा गाड्या सुसाट निघायच्या आणि सोळावी चढावर मधोमध थांबायची. मुद्दाम. मग क्लच हळूहळू वर घेत, इंजिनाचा आवाज जड झाला की ॲक्सिलरेटर देत कल्पना चढ चढायची. पुढच्या चढावर पुन्हा थांबायची. कुशाबा शेजारी खुर्ची घेऊन बसायचे.

“मागून पिवळी आली बघ.”

“बगितली, आबा.”

“जाऊ दे तिला. तिला घाई हाय. तू तुजं बघ.”

कुणी म्हणेल, गेमवर कुठं गाडी येते का? नाहीच येत. गेममध्ये म्हैस आडवी येत नाही, की मागून डंपरवाला शिवी देत नाही. पण पायाला वळण लागतं आणि थोडी भीती मरते. गाडीची भीती बाईला गाडीनं घातलेली नसतेच. ती घरच्यांनी घातलेली असते, ‘तुला जमायचं न्हाई’ म्हणून.

एका सकाळी कैलास झोपेत असताना कुशाबांनी खुंटीवरच्या त्याच्या शर्टाच्या खिशातली चावी काढली. “चल. ही गाडी माज्या रानाची हाय.”

विकलेल्या रानात प्लॉटिंग झालं होतं. डांबरी रस्ते, रंगवलेले दगड, आणि अजून एकही घर नाही. शिकायला याहून बरी जागा कुठली? सृष्टी कल्पनाशेजारी हॅण्डब्रेकवर हात ठेवून बसली, कुशाबा मागं. पहिल्या दिवशी गाडी इतकी आचकली की त्यांची टोपी दोनदा पुढच्या सीटवर आली. मग हळूहळू बसलं.

“हितं इंद्रायणी भाताचं खाचर व्हतं,” कुशाबा खिडकीतून बघत म्हणाले. “दुसरा टाक.”

तिनं टाकला.

“हितं बांधावर आंबा व्हता.”

“तिसरा टाकू का, आबा?”

“टाक की. आता आडवं यायला काय राहिलंय?”

आणि एका रविवारी कल्पनानं आंघोळ उरकली, नवी साडी नेसली, डब्यात पुरणपोळ्या भरल्या आणि चावी घेतली. विचारलं नाही. सांगितलं, “कोळवणला चाललीय. सांजच्याला येते.”

कैलास टॉवेलवरच बाहेर आला. “कल्पे, ती गेम न्हाई!”

“म्हाईत हाय. म्हणून तर चाललीय.”

फाटकाबाहेर चढ आहे. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली, आणि नेमका मागं पाण्याचा टँकर येऊन थांबला. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गॅलरीत आले. कैलासनं तोंड उघडलं, “क्लच दाब, क्लच...”

“गप रं,” कुशाबा ओट्यावरून म्हणाले. “तिला येतंय.”

कल्पनानं आरशात बघितलं. टँकर हॉर्न वाजवत होता. वाजवू दे, त्याला घाई आहे. तिनं किल्ली फिरवली, क्लच उचलला, आवाज जड झाला, आणि काळी गाडी चढ चढून रस्त्याला लागली. कैलास टॉवेल सावरत वळणापर्यंत बघत उभा राहिला.

कोळवणला गाडीचा आवाज ऐकून कल्पनाची आई लीलाबाई लगबगीनं बाहेर आल्या. जावयासाठी डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. गाडीच्या उजव्या दाराशी येऊन मान खाली घालून म्हणाल्या, “या जावईबापू, आज लई दिसांनी.”

“आये, मी हाय.”

लीलाबाईंनी मान वर केली. लेकीकडं बघितलं, मग पलीकडच्या सीटकडं. तिथं नुसता पुरणपोळ्यांचा डबा.

“जावई कुटं हायेत?”

“घरी.”

“मग गाडी कुणी आणली?”

“म्या.”

जावयासाठी आणलेलं पाणी लीलाबाईंनी स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं आणि तांब्या ओट्यावर ठेवला. डोक्यावरचा पदर खाली घेतला. गाडीला वळसा घालून पलीकडचं दार उघडलं, डबा मांडीवर घेतला आणि बसल्या.

“आये, मी आत्ता आलीय. च्या तरी दे.”

“च्या रोजच हाय. चल.”

“कुटं?”

“कुटं का असंना. तू न्हेशील तितं.”

गाडी भातखाचरांमधल्या रस्त्याला लागली. मागं अंगणात, जिथं दार उघडलं होतं तिथंच, लीलाबाईंच्या चपला होत्या. देवळात शिरताना काढून ठेवतात तशा, शेजारी शेजारी.