माशाच्या कुलपाची पेटी

"वाळवीबिळवी नाही ना लागलेली, आजी?" जुनं सामान गोळा करणारा माणूस तांदळाच्या पेटीवर टकटक करत म्हणाला.

"वाळवी? माझ्या सासऱ्यांनी करून घेतलीय ती. तुझा ट्रक मोडेल, पेटी नाही मोडायची!"

अंगणात मुळे चिरत बसलेल्या तिच्या सुनेची, माल्सुनची, सुरी थांबली. पेटी जाणार, हे तिला आत्ता कळत होतं.

अठराव्या वर्षी ती या घरात आली. आता तिची पंचावन्नी उलटली होती. पेटीला माशाच्या आकाराचं पितळी कुलूप आणि किल्ली सासूच्या कमरेला. कोरियातल्या आंदोंगकडच्या या डोंगरी गावात सासू थकली की किल्ली सुनेच्या हातात देते आणि त्या दिवसापासून घर सुनेचं होतं. माल्सुनच्या बरोबरीच्या बायकांना किल्ल्या कधीच मिळाल्या. काहींनी तर पुढे आपल्या सुनांना देऊनही टाकल्या. माल्सुन मात्र सकाळ-संध्याकाळ पातेलं घेऊन पेटीपुढे उभी राहायची आणि सासू भोपळ्याच्या वाटीनं तांदूळ मोजायची, वाटीवरून बोट फिरवून सपाट करायची. माल्सुनचा नवरा गेला, मुलगा सांग्यु पुसानच्या कारखान्यात लागला, तिचे केस पिकले, तरी वाटी सासूच्याच हातात.

यंदा सासूला झाकण उचलवेनासं झालं. मनगटं थरथरायची. आता तरी, असं माल्सुनला वाटलं होतं. आणि आज म्हातारीनं ट्रकवाल्याला हाक मारून आत बोलावलं होतं.

पेटीच्या बदल्यात तो नवाकोरा पत्र्याचा डबा देणार होता. कळ दाबली की एका माणसापुरते तांदूळ खालच्या खणात पडायचे.

"किल्ली द्या हं, आजी. किल्ली नसली तर शहरातले लोक तोंड वाकडं करतात."

"ते काय ठेवतात रे हिच्यात?"

"काही नाही. दिवाणखान्यात मांडतात. वर टेलिफोन."

"टेलिफोन!" बोळकं पसरून म्हातारी हसली. मग कमरेची नाडी चाचपून तिनं किल्ली सोडवली आणि त्याच्या हातावर ठेवली.

माल्सुन उठली. मुळ्याच्या पाण्यानं ओले झालेले हात तिनं कमरेच्या फडक्याला पुसले नाहीत, तसाच एक पुढे केला. "आणा ती इकडे. मला पेटी उघडायचीय."

"तळाशी मूठभर असतील, घे काढून," सासू म्हणाली.

किल्ली फिरेना. "वहिनी, उलटी फिरवताय," ट्रकवाला हळूच म्हणाला. तिचे कान तापले. कुलूप निघालं. झाकण उचलून ती कमरेपर्यंत आत वाकली. आत कोंड्याचा जुना, गोडसर वास कोंडला होता. तांदूळ गोळा करता करता ती बोलायला लागली. पेटीत तिचा आवाज घुमत होता.

"माझे वडील आले होते, आई. सांग्युच्या वेळी पाचवा महिना होता मला. तुम्ही वन्संकडे गेला होतात, पेटीला कुलूप. मी त्यांना उकडलेले बटाटे वाढले. डोंगर ओलांडून आलेला माणूस. पोट भरलं म्हणाले. त्याच हिवाळ्यात गेले."

ट्रकवाला उगाच दोरखंड सोडवत बसला.

म्हातारी म्हणाली, "तुझे वडील? ते आले होते होय कधी आपल्याकडे?"

माल्सुननं डोकं बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं. म्हातारी खोटं बोलत नव्हती. कपाळाला आठ्या घालून ती खरोखरच आठवत होती आणि तिला आठवत नव्हतं. इतकी वर्षं माल्सुन धरून चालली होती की ती गोष्ट दोघींना ठाऊक आहे आणि दोघीही गप्प आहेत.

"आले होते," ती म्हणाली. "एकदाच."

तिनं झाकण लावून किल्ली ट्रकवाल्याला परत दिली. पेटी घेऊन ट्रक उतारावरून खाली गेला.

संध्याकाळी तिनं नव्या डब्याची कळ दाबली. दोनदा, मग मनाला येईल तशी आणखी एकदा. खडखडत तांदूळ पडले. शेजारच्या पोरानं दाबली असती तरी तेवढेच पडले असते. पुन्हा दाबावीशी वाटली नाही.

दोघी जेवायला बसल्या. सासूचा वाडगा रिकामा झाला, पण तिनं चमचा खाली ठेवला नाही. तिनं पातेल्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"सांग्युची आई," ती चाचरत म्हणाली, "अजून थोडा भात आहे का गं?"

माल्सुनचे गुडघे दुखत होते. जमिनीला हात टेकून ती उठली, वाडगा घेतला आणि शीग लावून भरून आणला.

"आहे. सावकाश जेवा."

शितं म्हातारीच्या मांडीवर सांडत होती. स्वतःचा भात गार होऊ देत माल्सुन तिच्याजवळ बसली आणि एकेक शीत वेचत राहिली.